कोणतं सॉरी?

"सॉरी सर, उशीर झाला," असं मी क्लासच्या दारात उभी राहून म्हटलं, तेव्हा सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "कोणतं?"

मला वाटलं त्यांना कमी ऐकू येत असेल. मी जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "सॉरी सर."

"ऐकलं मी. कोणतं सॉरी, ते विचारतोय. चूक झाली म्हणून? वाईट वाटलं म्हणून? का नुसतं आत यायला मिळावं म्हणून?"

बाकावरची मंडळी हसायला लागली. मी खरं ते सांगून टाकलं, "आत यायला मिळावं म्हणून, सर."

"मग तसं विचार. सॉरी जपून ठेव, पुढं लागेल."

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गिरणीच्या वरच्या मजल्यावर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर बाकं थरथरायची, आणि शिकवता शिकवता सरांचा आवाज आपोआप चढायचा. फळा पुसायला त्यांना डस्टर लागत नसे. खिशातल्या रुमालानं ते फळा पुसत आणि त्याच रुमालानं थोड्या वेळानं घाम पुसत, त्यामुळे तास संपेपर्यंत त्यांचं कपाळ पांढरं झालेलं असे. भर मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "इंग्रजी शिकवताना कोपर दिसू नये." असा नियम कुठं आहे, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही.

मी दौलताबादच्या किल्ल्याखालच्या गावातली. वडिलांकडे मेंढरं होती, पुढं ती कमी होत गेली आणि ते सीताफळांच्या बागांत मजुरीला जायला लागले. मी नर्सिंग केलं आणि शहरातल्या एका लहान खासगी दवाखान्यात नोकरीला लागले. मुकुंदवाडीत खोली घेतली. दवाखान्यात डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलायचे. मला समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, सॉरी. डॉक्टरांना सॉरी, मोठ्या सिस्टरना सॉरी, ट्रॉलीला धक्का लागला तर ट्रॉलीलासुद्धा सॉरी. म्हणून मी त्या क्लासला नाव घातलं, आणि गाठ पडली नेमकी या माणसाशी.

इतर क्लासवाले काही महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोलायला लावण्याची हमी द्यायचे. सर एकेका विशेषणाला महिना महिना घ्यायचे. कंटाळून पोरं सोडून जायची. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. बाकीची विशेषणं येऊन जायची, पण सॉरी काही संपायचं नाही. दर थोड्या दिवसांनी सर फिरून त्याच शब्दावर यायचे. मुलांनी त्यांचं नावच सॉरी सर पाडलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

"सॉरी हे विशेषण आहे," ते सांगायचे. "विशेषण नामाला चिकटतं. आय अ‍ॅम सॉरी म्हटलं की ते कुणाला चिकटलं? मला. तुम्ही लोक सॉरी देता, सॉरी घेता, सॉरी फेकून मारता. ती वस्तू नाही. ती माणसाची अवस्था आहे. आधी व्हा, मग म्हणा."

मग फळ्यावर एकेक प्रकार यायचा. सॉरीपुढं 'फॉर' आणि केलेलं काम आलं, तर ती माफी. सॉरीपुढं 'टू हिअर' आलं, तर चूक कुणाचीच नाही, फक्त समोरच्याची वाईट बातमी ऐकून आपल्यालाही वाईट वाटलं. एखाद्याबद्दल 'फील सॉरी' म्हटलं, तर कीव. नुसतं सॉरी म्हणून शेवटी आवाज वर नेला, तर पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही. सॉरी म्हणून पुढं 'बट' लावलं, तर सभ्य नकार. आणि नामाच्या आधी बसवलं, तर अर्थ पार बदलला.

"अ सॉरी रोड," सर खिडकीतून खालच्या गल्लीकडे हात करून म्हणायचे. "दयनीय रस्ता. हा बघा. आता या रस्त्यानं कधी कुणाची माफी मागितलीय का?"

हे वेड त्यांना नोकरीत लागलं असं आम्ही समजत होतो. चिकलठाण्याच्या एका कंपनीत ते परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करायचे. माल उशिरा गेला की सर लिहायचे, आम्ही सॉरी आहोत. वकील तो शब्द खोडायचा आणि रिग्रेट घालायचा, कारण सॉरी म्हटलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं आणि भरपाई द्यावी लागते. "सगळी नोकरी त्यात गेली," सर सांगायचे. "कंपनीला खेद खूप व्हायचा. चूक मात्र एकदाही झाली नाही."

बाहेरच्या जगालाही त्यांनी मोकळं सोडलं नव्हतं. बँकेच्या एटीएमवर सॉरी, मशीन बंद आहे अशी पाटी दिसली, तेव्हा ते आत जाऊन मॅनेजरसमोर बसले आणि शांतपणे विचारलं, "बाहेर सॉरी लिहिलंय. नेमकं कुणाला वाईट वाटतंय?" मॅनेजर बिचारा नवा होता. त्यानं शिपायाकडे पाहिलं, शिपायानं वॉचमनकडे पाहिलं. शेवटी मॅनेजर म्हणाला, "सर, मलाच वाटतंय असं समजा." सर उठले, त्याच्याशी हात मिळवला आणि बाहेर आले. मशीन बंदच होतं, पण सर खूष होते.

एकदा शेअर रिक्षात मी त्यांच्या शेजारी होते. रिक्षावाल्यानं खड्ड्यात चाक घातलं आणि सरांचं डोकं वरच्या दांडीला आपटलं. "सॉरी चचा," तो मागं न बघता म्हणाला. सरांनी लगेच विचारलं, "कौनसा?" रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "सॉरी बोल्या ना चचा. अब क्या लिख के देऊं?" मला हसू आवरेना. सर मात्र उतरताना त्याला समजावून सांगत होते की लिहून द्यायची गरज नाही, चाक सांभाळलंस तरी पुरे.

क्लासच्याच मागं दोन खोल्यांत ते एकटे राहत. बायको वारलेली. मुलीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "आहे, उस्मानपुऱ्यात," आणि लगेच पुस्तकाचं पान उलटायचे. मुकुंदवाडीपासून उस्मानपुरा लांब नाही. पण ती कधी आलेली आम्ही पाहिली नाही, आणि ते कधी गेलेले ऐकलं नाही.

सरांच्या क्लासचा माझ्यावर परिणाम झाला. मी उगाच सॉरी म्हणायचं सोडलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ही पोरगी आजकाल लई ताठ झाली. पण चूक झाली की मी थांबून, काय चुकलं ते सांगून माफी मागायला लागले, आणि काही दिवसांनी त्याच सिस्टर माझ्यावर जास्त विश्वास टाकायला लागल्या.

आता त्या सकाळची गोष्ट.

आमच्या दवाखान्यात फुलंब्रीकडच्या एका गावातला म्हातारा दाखल होता. शेळ्यामेंढ्या राखणारं घर. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरलेला आणि वय झालेलं. आमच्या नव्या डॉक्टर मॅडम दक्षिणेकडच्या होत्या, वयानं लहान, मराठी अजून जमत नव्हतं. त्यांनी फार प्रयत्न केला. मी शेजारीच होते, म्हणून सांगू शकते की त्यात काही कसर राहिली नव्हती. पण सकाळी म्हातारा गेला. मॅडम बाहेर आल्या, त्याच्या मुलापुढं उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आय अ‍ॅम सॉरी." पुढचं त्यांना बोलता येईना. त्या आपल्या केबिनमध्ये गेल्या.

मुलगा आपल्या माणसांकडे वळला. "बाईनं सॉरी म्हटलं," तो म्हणाला. "चूक झाल्याबिगर कोन सॉरी म्हनतं? सांगा की. कोन म्हनतं?"

त्याच्या बरोबर गावातली बरीच माणसं आलेली होती. खालून आणखी वर आली. कुणी तरी काउंटरवरची फुलदाणी ढकलली. वॉचमननं मॅडमच्या केबिनचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि त्यापुढं उभा राहिला. मुलगा त्या दाराकडे निघाला.

सर तेव्हा तिथंच होते. साखर तपासायला रक्त देऊन, दंडावर कापूस दाबून बाकावर बसलेले. बाही वर केलेली होती, त्यांचं कोपर मी पहिल्यांदाच पाहिलं. ते उठले आणि सरळ गर्दीपुढं जाऊन उभे राहिले.

"थांबा. तुमचा गैरसमज होतोय," ते म्हणाले. "सॉरी हे विशेषण आहे. त्याचे निरनिराळे अर्थ होतात. पहिला अर्थ..."

"म्हातारबा, बाजूला व्हा," मुलगा म्हणाला.

"ऐकून तर घ्या. माफी असती तर पुढं फॉर आलं असतं..."

कुणी तरी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला केलं. फार जोरात नाही, पण सरांचा तोल गेला आणि ते बाकावर बसले. चष्मा खाली पडला. त्यांच्या तोंडाकडे बघून मला भडभडून आलं. ते बरोबर तेच सांगत होते आणि कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

मी त्या मुलापुढं गेले. पुढं काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून घरचीच बोली बाहेर आली.

"दादा, एक इचारू? गावात कुनाचं मानूस गेलं की तुमी त्याच्या दारी जाता ना?"

तो दाराकडेच बघत होता.

"जाता का नाय?"

"जातो की."

"जाऊन काय म्हनता?"

"काय म्हननार," तो म्हणाला. "लई वाईट झालं म्हनतो."

"मग त्याला तुमी मारलेलं असतं व्हय?"

तो दाराकडून माझ्याकडे वळला.

"बाईंनी तेच म्हटलं, दादा. लई वाईट झालं. त्यांना आपली बोली येत नाय, त्यांच्याकडं त्याला बी सॉरीच म्हनतात. तुमच्या बापापाशी त्या रातभर उभ्या होत्या, मी बगितलंय. तुमाला काय इचारायचं ते इचारा, सगळं सांगते. पन दार नका फोडू."

मागून एक पागोटेवाला म्हातारा, गेलेल्या माणसाचा भाऊ असावा, भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. त्याच्या पाठोपाठ मुलगाही बसला. गर्दी आपोआप सैल झाली.

मी दार उघडून मॅडमना सांगितलं. त्या बाहेर येऊन त्या मुलाशेजारी जमिनीवरच बसल्या. दाखल केल्यापासून काय काय झालं ते त्या मोडक्या हिंदीत सांगत गेल्या आणि मी मराठीत सांगत गेले. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "शेवटाला तरास झाला का त्याला?" मॅडमनी मान हलवली. नाही. झोपेतच होते. मुलानं डोळे पुसले आणि मॅडमना म्हणाला, "पानी प्या तुमी. तुमचा बी घसा सुकलाय."

सगळं निस्तरेपर्यंत माझी ड्युटी संपत आली होती. सर अजून बाकावरच होते. त्यांचा चष्मा मी उचलून दिला, तो त्यांनी हातातच धरला होता. मी त्यांना खालच्या टपरीवर चहाला घेऊन गेले.

"चहा बिनसाखरेचा सांगते, सर."

ते ऐकत नव्हते. म्हणाले, "तो पोरगा चुकीचा नव्हता. त्याचा बाप गेला होता. अशा वेळी माणूस कुणाकडं तरी बोट दाखवायला बघतो."

"हो सर."

"मीही तसंच ऐकलं होतं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा सर कंपनीच्या कामाला पुण्यात होते. घरी मुलगी एकटी, कॉलेजात शिकणारी. आई म्हणाली पित्त झालंय, म्हणून तिनं पित्ताची गोळी दिली. आराम वाटला म्हणून दोघी झोपल्या. सकाळी दुखणं वाढलं, तेव्हा तिनंच शेजाऱ्यांना बोलावून आईला दवाखान्यात नेलं. सर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"मी दवाखान्याच्या जिन्यानं वर आलो," सर म्हणाले. "ती पळत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, सॉरी बाबा. तिला एवढंच सुचलं. आणि मी तिला धरून लांब केलं आणि विचारलं, म्हणजे तुझ्याकडून काय राहिलं?"

चहा त्यांच्यापुढं निवत होता.

"तिनं सगळं सांगितलं. पित्ताची गोळी, झोप, सगळं. मी ऐकलं आणि काहीच बोललो नाही. त्यानंतरही बोललो नाही. तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, निरोप पाठवला, मी गेलो नाही. क्लास काढला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना सॉरीचे अर्थ शिकवतोय."

मी नर्स आहे. मी त्यांना जे माहीत आहे तेवढंच सांगितलं. म्हटलं, "सर, हृदयाचं दुखणं पुष्कळदा पित्तासारखंच वाटतं. भले भले डॉक्टरसुद्धा फसतात. तिच्या जागी मी असते तर त्या वयात मीही गोळीच दिली असती."

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "कधीचं माहीत आहे. तिला माहीत आहे का, ते माहीत नाही."

त्या रविवारी त्यांनी माझ्या खोलीवर येऊन विचारलं, "उस्मानपुऱ्याला येतेस का माझ्याबरोबर? मी दारापर्यंत जाईन, पण परत फिरेन अशी भीती वाटते."

आम्ही रिक्षानं गेलो. वाटेत ते पुटपुटत होते. कोणत्या शब्दानं सुरुवात करावी, फॉर म्हणावं का अबाउट, मराठीत बोलावं का इंग्रजीत, हे त्यांचं चाललं होतं. मी मध्ये पडले नाही. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खालीच पायरीवर ते थांबले, घसा साफ केला, पुन्हा चालायला लागले. बेल मी वाजवली.

दार मुलीनं उघडलं. हाताला कणीक होती. आधी तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या सरांना. तिचा चेहरा एकदम कठोर झाला. मला वाटलं आता ती दार लावून घेईल.

सरांनी रिक्षात जुळवलेलं एकही वाक्य म्हटलं नाही.

"त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती," ते म्हणाले. "काहीच नव्हती. मी असतो तर मीही तीच गोळी दिली असती. हे मी जिन्यातच सांगायला पाहिजे होतं."

मुलीनं कणकेचा हात कपाळाला लावला आणि खाली घेतला. "मला रोज वाटायचं," ती हळू आवाजात म्हणाली, "की त्या रात्रीच नेलं असतं तर."

"माहीत आहे."

"रोज, बाबा."

"माहीत आहे. म्हणून आलो. उशिरा आलो."

ती रडायला लागली नाही. तिनं दार पूर्ण उघडलं, बाजूला झाली, आणि म्हणाली, "चप्पल आतच काढा. बाहेरून उचलून नेतात."

सर आत गेले. मी दारातच थांबले होते. मुलीनं मला हाताला धरून आत घेतलं, तेव्हा माझ्या मनगटावर कणीक लागली. मी घोटभर पाणी प्यायले आणि निघते म्हटलं. तिथं आता माझं काम नव्हतं. सर खुर्चीवर अवघडून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. भिंतीवर बायकोचा फोटो होता, त्याच्याकडे बघत होते. मुलगी स्वयंपाकघरातून त्यांना विचारत होती की पाय का सुजलेत, आणि कोणाला दाखवताय.

खाली उतरले तर तिचा नवरा भाजी घेऊन स्कूटरवरून येत होता. तिनं त्याला फोन करून कळवलं असावं, कारण त्यानं मला लगेच ओळखलं आणि चौकापर्यंत सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं तरी ऐकेना. चौकात मला उतरवून तो गाडी वळवायला लागला, आणि मधेच थांबला.

"ताई, एक विचारू का? मी त्यांना आजपर्यंत पाहिलेलं नाही," तो म्हणाला. पिशवी त्यानं हँडलला नीट अडकवली. "जेवायला थांबतील ना ते? तिखट चालतं का त्यांना?"

"थांबतील," मी म्हटलं. "तिखटाचं त्यांनाच विचारा."